धाकटीची नोंद

या आठवणीत मी कुणाचंच नाव लिहिणार नाही. शिष्टाचार म्हणून नव्हे. नावाच्या भरवशावर मी एकदा अशी काही तोंडघशी पडले, की नाव सापडलं म्हणजे माणूस सापडलं असं कुणी म्हणालं तर मला अजून हसू येतं.

दोन हजार चार सालची गोष्ट. आम्ही तेव्हा जर्मनीत, एर्लांगेनला होतो. नवरा वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर, मुलगी किंडरगार्टनमध्ये आणि मी घरात. पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली बाई मी. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि त्या गोड शब्दांत त्यांच्या पदरात घालायच्या, हे माझं काम. इथे माझ्या पासपोर्टवर नोकरीची परवानगी नाही असा शिक्का होता. सकाळी नवऱ्याची सायकल गेली, मुलीची बॅग गेली, की दुपारपर्यंत मी आणि वॉशिंग मशीन. डोकं सडत होतं, दुसरं काही नाही.

खाली घरमालकीण राहायची. वय सत्त्याहत्तर, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. या आठवड्यात जिना पुसायची पाळी कुणाची, याची पाटी ती ज्याच्या त्याच्या दाराला अडकवायची आणि आमचं पुसून झालं की चष्मा लावून कोपरे तपासायची. पहिलं वर्ष आम्ही एकमेकींवर डूख धरून काढलं. मग एकदा मी तिच्या पाळ्यांच्या तक्त्यात चूक काढली. आमचा आठवडा तिनं दोनदा लिहिला होता आणि स्वतःचा गाळला होता. मी कागद घेऊन खाली गेले, बोट ठेवून दाखवलं. तिनं तो दोनदा वाचला, आणि मला कॉफीला बसवलं. तेव्हापासून आमचं जमलं. माझी मुलगी तिला ओमा म्हणायची, म्हणजे आजी. इथे मीही तिला ओमाच म्हणेन. तोंडावर मात्र मी तिला शेवटपर्यंत फ्राउ अमुक आणि ती मला फ्राउ तमुक, दोघी एकमेकींना अहो-जाहो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मी खालून पोस्ट आणली तेव्हा तिच्या बिलांमध्ये एक हातानं लिहिलेलं पाकीट होतं. पाठवणारीचा पत्ता मागे, ठसठशीत अक्षरात, पूर्वेकडच्या थुरिंगिया प्रांतातल्या एका गावाचा. ओमानं ते माझ्यासमोर फोडलं, वाचलं, घडी घालून परत पाकिटात घातलं आणि पाकीट कपाटावरच्या साखरेच्या भांड्याखाली सरकवलं. "माझ्या बहिणीचं आहे," म्हणाली. चार वर्षांत या बाईला बहीण आहे हे मला ठाऊक नव्हतं.

हळूहळू कळलं ते असं. या दोघी बहिणी मूळच्या तिकडच्या, पूर्व जर्मनीतल्या. आईबाप गेलेले. ओमा सव्वीस वर्षांची असताना बर्लिनमार्गे इकडे निसटली. धाकटी सतरा वर्षांची होती. तिला सांगून आली होती, की ईस्टरपर्यंत तुला बोलावून घेते. इथे आल्यावर नोकरी लागली, मग लग्न झालं, नवरा म्हणाला जरा बस्तान बसू दे. बस्तान बसेपर्यंत बर्लिनमध्ये भिंत उभी राहिली. मग दर नाताळला कॉफी, साबण आणि चॉकलेटचं पार्सल जायचं. सीमा उघडली तेव्हा न जायला काही कारणच उरलं नाही. आणि नेमकं तेव्हापासून पार्सलही बंद झालं, कारण कॉफी आता तिकडच्या दुकानातही मिळायला लागली होती. पंधरा वर्षं नुसतं नाताळचं कार्ड. आणि आता हे पत्र: हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणतात, मला प्रवास झेपणार नाही, येणार असशील तर ये.

एर्लांगेनपासून ते गाव रेल्वेनं अडीच तासांवर होतं. मी ओमाला विचारलं, मग कधी जाणार? तिनं कपाटातून एक पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून एक कागद. कागद इंग्रजी होता.

ओमाची पणजी इंग्लंडची. पणजीचा नवरा गिरणीतला फिटर, इकडे बायरॉयटच्या बाजूला सूतगिरणीची यंत्रं बसवायला आला आणि इथलाच झाला; त्यांची मुलं पुढे तिकडे, थुरिंगियात गेली. कागद म्हणजे त्या दोघांच्या लग्नाचा चर्चमधला दाखला. मुलीचा बाप हातमागावरचा विणकर, असं त्यात लिहिलेलं. ओमाच्या आजीनं तिला लहानपणी सांगितलेली गोष्ट अशी, की पणजी लग्न होऊन निघाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती आणि तिची धाकटी बहीण सात वर्षांची. आईबाप वारलेले. धाकटीला शेजारणीकडे ठेवून, वर्षभरात न्यायला येते असं सांगून पणजी जहाजात बसली, आणि परत गेली नाही. ही गोष्ट घरात मुलींना वारंवार सांगितली जायची. कशासाठी ते मला कधी कळलं नाही. धडा म्हणून असेल, नाहीतर दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं म्हणून.

"त्या सात वर्षांच्या मुलीचं पुढे काय झालं, ते मला कळायला हवं," ओमा म्हणाली. "ते कळलं की मी जाईन." तिला इंग्रजी येत नव्हतं, मला येत होतं. शिवाय मला वेळ होता आणि चुका शोधायचा सराव होता.

हा सरळसरळ वेळकाढूपणा आहे हे मला तेव्हाच दिसत होतं. खापरपणजोबांच्या काळातल्या पोरीचा आणि थुरिंगियाच्या तिकिटाचा काय संबंध? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, म्हातारी घाबरली आहे, तिला कुणीतरी परवानगी द्यायला हवी आहे, आणि ती जिवंत माणसांकडे मागायची तिला लाज वाटते. नवरा क्वचितच काही बोलतो, पण बोलला की बरोबर बोलतो. याचा मला राग येतो. असो. मी काम घेतलं. बहिणींसाठी घेतलं असं म्हणणार नाही, डोक्याला खाद्य हवं होतं म्हणून घेतलं.

न्यूरेंबर्गला एका चर्चनं चालवलेली वाचनखोली होती. जगभरच्या चर्चमधल्या जन्म, लग्न, दफनाच्या वह्यांच्या फिल्म तिथे मागवता यायच्या. अर्ज भरायचा, काही आठवड्यांनी रीळ यायचं, आणि मग गुरुवारी दुपारी अंधाऱ्या खोलीत फिल्म बघायच्या यंत्राचा दांडा फिरवत बसायचं. देखरेखीला एक निवृत्त शाळामास्तर होते. स्वेटरच्या कोपरांना चामड्याची ठिगळं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी आल्झो, म्हणजे आपलं 'तर'. मुलीला शेजारणीकडे सोडून मी दर गुरुवारी जाऊ लागले, आणि खरं सांगायचं तर आठवडाभर त्या दुपारची वाट बघायचे.

हळूहळू ते घर पडद्यावर गोळा झालं. दर दहा वर्षांनी इंग्लंडात शिरगणती व्हायची, तिचीही रिळं होती. पहिल्या गणतीत बाप हातमागावर विणकर, आई सूत गुंडाळणारी, मोठा मुलगा नऊ वर्षांचा आणि त्याच्यापुढे धंदा लिहिलाय: गिरणीत. नऊ वर्षांचा. माझी मुलगी त्या वयाची झाली तेव्हा तिला बुटांची नाडी बांध म्हणून मी ओरडत होते. ओमाची पणजी तेव्हा तीन वर्षांची. घरात नऊ माणसं आणि शिवाय एक भाडेकरू. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा एका पानावर आणि दफन दुसऱ्या. अक्षर पाद्रीबुवांचं, शाई कधी काळी, कधी पिवळी. बापाच्या नावापुढे सुरुवातीला विणकर, काही वर्षांनी मजूर. मधे काय झालं ते कुणी लिहिलेलं नाही, पण हातमागांच्या गावात गिरणी आली होती, तेव्हा अंदाज करायला फार अक्कल लागत नाही.

आणि मग धाकटी सापडली. पणजीनंतर दहा वर्षांनी बाप्तिस्मा. आईबाप तेच, गल्ली तीच. नाव तेच, ओमाच्या आजीनं सांगितलेलं. मला इतका आनंद झाला की मास्तरांना हाक मारून दाखवलं. ते म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, ही तुमची. पुढच्या गुरुवारी दफनाच्या वहीचं रीळ बघत होते. तिथे पुन्हा तेच नाव, तेच गाव. वय अकरा महिने.

आता इथे मी काय केलं ते नीट सांगते, कारण पुण्यात माझ्या हाताखालच्या मुलीनं असं केलं असतं तर मी तिला उभी सोलली असती. मी थांबले. जन्म सापडला, मृत्यू सापडला, केस बंद. बाप्तिस्म्याची वही पुढे वाचली नाही. पुढच्या शिरगणतीचं रीळ मागवायचं ठरलं होतं, ते मागवलं नाही. गोष्टीत दोघींच्या वयात बारा वर्षांचं अंतर होतं आणि वहीत दहाचं, तेही दिसलं होतं. म्हातारी माणसं वर्षं मागेपुढे करतात म्हणून सोडून दिलं. एकाच आईबापांना त्याच नावाची दुसरी मुलगी असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. येणार कुठून? आमच्याकडे गेलेल्या लेकराचं नाव पुन्हा त्या घरात घेत नाहीत. माझ्या आजोबांच्या आधीची तीन मुलं गेली, म्हणून चौथ्याचं नाव दगडावरून ठेवलं, की यमाला वाटावं, हे काय न्यायचं. त्या तिघांची नावं काय होती हे घरात कुणाला माहीत नाही. माझ्या पणजीनं ती पुन्हा कधी उच्चारलीच नाहीत म्हणे. तेव्हा गेलेल्या पोरीचं नाव नव्या पोरीला ठेवून कुठली आई ते दिवसातून पन्नास वेळा हाकारेल?

जुलैतल्या एका दुपारी मी ओमाला निकाल दिला. चांगली ऐटीत दिला. म्हटलं, तुमच्या घरातली गोष्ट खोटी आहे. मागे कुणी राहिलंच नव्हतं. ती बहीण अकरा महिन्यांची असताना गेली, तेव्हा तुमची पणजी जेमतेम अकरा वर्षांची होती. कुणी कुणाला वचन दिलं नाही आणि कुणी मोडलंही नाही. ओमानं केक कापता कापता सुरी खाली ठेवली. खात्री आहे का, असं तिनं एकदाच विचारलं. मी म्हटलं, शंभर टक्के, छापील पुरावा आणून देते.

"मग मागे कुणीच राहिलं नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी तिनं मला केकचे दोन तुकडे बांधून दिले. पुढचे काही आठवडे बाई अगदी खुशीत होती. जिन्याचे कोपरे तपासायचीही विसरली. मला वाटलं, आता ही निघणार थुरिंगियाला. पण तिनं एके दिवशी साखरेच्या भांड्याखालचं पाकीट काढलं, डब्यात लग्नाच्या दाखल्याबरोबर ठेवलं आणि डबा कपाटात टाकला. मी विचारलं, आणि जायचं? ती म्हणाली, ऑगस्टमध्ये फार उकडतं. सप्टेंबरमध्ये गुडघा दुखत होता. ऑक्टोबरमध्ये मी विचारणंच सोडून दिलं. जे व्हायला हवं होतं त्याच्या बरोबर उलटं झालं होतं. जी गोष्ट तिला इतकी वर्षं बोचत होती ती मी खोटी ठरवली, आणि बोच गेल्यावर जाण्याची गरजही गेली. तिकडे एक थकलेलं हृदय उत्तराची वाट बघत होतं. मला अस्वस्थ वाटायचं, पण माझं काय चुकलं ते सापडत नव्हतं.

ते सापडलं नोव्हेंबरमध्ये. ओमाला नाताळला भेट म्हणून त्या दोन पानांच्या प्रती काढून चौकटीत घालून द्याव्यात असं माझ्या मनात आलं. रीळ परत मागवलं. बाप्तिस्म्याचं पान शोधताना दांडा जरा जास्तच फिरला आणि पानं भराभर पुढे गेली. थांबवलं तिथे डोळ्यांसमोर तेच नाव. तोच विणकर बाप, आता मजूर. तीच आई, तीच गल्ली. तारीख पहिलीनंतर दोन वर्षांची.

मला वाटलं, पाद्रीबुवांनी चुकून तीच नोंद दोनदा केली. मास्तरांना बोलावलं. त्यांनी चष्मा वर सरकवला, पान बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, आल्झो, चूक कसली? पहिली गेली, म्हणून दुसरीला तेच नाव. तिकडे काय नि इकडे काय, घरोघरी हेच चालायचं. आमच्याच घरात एकाच नावाचे तीन झाले, तिसरा जगला. तो माझा आजोबा. तुम्हाला हे माहीत नव्हतं? मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, तुमच्याकडे मग काय करतात? मी त्यांना दगडाचं सांगितलं. त्यांना ते फार चमत्कारिक वाटलं. मला त्यांचं वाटलं तितकंच.

खरं तर मला रडू येत होतं, रागानं. स्वतःचाच राग. मास्तरांनी रिळं तातडीनं मागवून दिली, आणि पुढचे दोन गुरुवार मी ते सगळं केलं जे जुलैत करायला हवं होतं. पुढच्या शिरगणतीत दुसरी मुलगी एक वर्षाची, जिवंत. लग्नाच्या वहीत तिचं लग्न, वडील मयत, विणकर, आणि सही म्हणून एक फुली. ज्या नव्या घरात ती गेली त्या घराची नोंद त्यानंतरच्या शिरगणतीत होती, आणि ती तेव्हा इंटरनेटवर फुकट बघता यायची. वय एकवीस. धंदा, गिरणीत विणकर. नवरा विणकर. मूल एक, मुलगी, एक वर्षाची. त्या मुलीचं नाव वाचल्यावर मी खुर्चीत मागे रेलून बसले. पणजीचं नाव होतं ते. सोडून गेलेल्या बहिणीचं.

आता सांगायचं कसं, हा प्रश्न होता. नवरा म्हणाला, सांगू नकोस, म्हातारी सुखात आहे, कशाला खपली काढतेस. यावेळी तो चुकला होता, आणि त्याचंही मला बरंच वाटलं. मी दुसऱ्याच दिवशी खाली गेले. ओमा टेबलावर फर वृक्षाच्या फांद्या पसरून बसली होती. इथे नोव्हेंबरच्या अखेरीला एक रविवार मृतांचा असतो, कबरींवर हिरवं नेऊन ठेवतात, त्याची तयारी.

मी उभ्याउभ्याच म्हटलं, "मी चुकले. ती मेली नव्हती. मेली ती पहिली. दुसरीलाही तेच नाव ठेवलं होतं, आणि ती जगली."

ओमानं हातातली फांदी तारेनं बांधून पूर्ण केली. "मला माहीत होतं," ती म्हणाली.

मला वाटलं माझं जर्मन कमी पडतंय. मी विचारलं, काय माहीत होतं?

"एका नावाच्या कबरीवरून काही सिद्ध होत नाही, हे. मीसुद्धा दुसरीच आहे."

मग तिनं सांगितलं. तिच्या आधी आईबापांना एक मुलगी झाली होती, ती तीन वर्षांची असताना घटसर्पानं गेली. वर्षभरानं ही झाली. नाव तेच ठेवलं. दर नोव्हेंबरमध्ये आई तिला कबरस्तानात घेऊन जायची, आणि अक्षरं जुळवता यायला लागली तेव्हा पहिल्यांदा तिनं जे वाचलं ते स्वतःचं नाव, दगडावर. ती घाबरून रडली होती. धाकटीला मात्र नवं कोरं नाव मिळालं, त्याचा तिला लहानपणी हेवा वाटायचा.

मला राग आला. स्पष्ट सांगते, भयंकर राग आला. मी दोन आठवडे स्वतःला खात होते की मी तिला फसवलं, आणि ही बया जुलैत सगळं जाणून केक बांधून देत होती. मी म्हटलं, मग तेव्हा का बोलला नाहीत? एक शब्द बोलला असता तर मी पुढचं पान उलटलं असतं.

"तुम्ही इतक्या खात्रीनं सांगत होतात," ओमा म्हणाली. "आणि मला तेच हवं होतं."

मी खुर्ची ओढून बसले. तिनं विचारलं, जगली म्हणजे कशी जगली? मी खिशातले कागद काढले आणि एकेक ओळ जर्मनमध्ये करून सांगितली. एकवीस वर्षं, विणकर, नवरा, गल्ली. मुलीचं नाव सांगितल्यावर तिनं तारेचं बंडल खाली ठेवलं. मी प्रामाणिकपणे हेही सांगितलं, की ते नाव त्या काळी अगदी साधं होतं, त्याच पानावर चौघी मुली त्या नावाच्या आहेत, यावरून बहिणीनं माफ केलं असं काही म्हणता येणार नाही. जुलैतली खात्री पुन्हा द्यायची माझी तयारी नव्हती.

"असू देत चौघी," ती म्हणाली. मग उठून कपाटातून डबा काढला, पाकीट काढलं आणि मला विचारलं, शनिवारी गाडी किती वाजता आहे.

मी म्हटलं, आधी फोन करू. पत्र एप्रिलचं होतं आणि आता नोव्हेंबर संपत आला होता. आत्तापर्यंत तिकडे काय झालं असेल, हे दोघींच्याही मनात होतं. ओमा नको म्हणाली. फोन केला तर ती येऊ नकोस म्हणेल आणि मी लगेच ऐकेन, म्हणाली. स्वतःला ती चांगलीच ओळखत होती.

शनिवारी मी तिच्याबरोबर गेले, गुडघ्यांमुळे. मुलगी आणि नवरा स्टेशनवर सोडायला आले. मुलीनं माझ्याशी कधी बोलत नाही तेवढं जर्मन बोलून ओमाला निरोप दिला. लिख्टेनफेल्सला गाडी बदलली. पुढे डोंगर लागले, झाडांवर थोडं बर्फ होतं. ओमा खिडकीशी बसून होती, पर्स मांडीवर दोन्ही हातांनी धरून. जुनी सीमा नेमकी कुठे होती ते मी तिला विचारलं. ती म्हणाली, मागेच गेली, मघाशी, तुम्ही सँडविच खात होतात तेव्हा.

गावात स्टेशनवरून टॅक्सी घेतली. चार मजली इमारत, नवीन रंग दिलेली. घंट्यांच्या पाटीवर नावं होती, त्यात तिच्या बहिणीचं आडनाव अजून होतं. ते वाचून माझा जीव भांड्यात पडला. पण पुढच्याच क्षणी मला आठवलं की नावावर किती भरवसा ठेवायचा हे मी नुकतंच शिकले आहे. ओमानं घंटा दाबली. बराच वेळ काही झालं नाही. मग वरून कुणीतरी बटण दाबलं आणि दाराचं कुलूप गुणगुणलं. दुसरा मजला. तिला जिना चढायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात वर दार उघडल्याचा आवाज आला होता.

दार साखळीएवढं उघडं होतं. फटीत एक बुटकी, पांढऱ्या केसांची बाई, एका हातानं चालायच्या फ्रेमला धरून. नाक ओमाचंच. ती ओमाकडे बघत राहिली. ओमा धापा टाकत होती, तिला बोलवत नव्हतं, आणि धाप नसती तरी ती काय बोलली असती कोण जाणे. पन्नास वर्षं झाली होती. मग त्या बाईची नजर माझ्याकडे वळली.

"ही कोण?" तिनं विचारलं.

ओमानं श्वास घेतला. "ह्यांनी मला मदत केली," ती म्हणाली. "एप्रिलपासून. आम्ही शोधत होतो."

"कुणाला?"

"तुला."

"पत्ता तर मी पाकिटामागे लिहिला होता," ती म्हणाली, आणि तिनं साखळी काढली.